भाषणाआधी गरम झालेली पोरं

कंधारच्या आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणजे महाहट्टी माणूस. सामन्याआधी पाहुण्यांना शाल, नारळ आणि मग स्वतःचं भाषण, हा रिवाज त्यांनी कधी मोडू दिला नाही. तोवर अंग गरम करायला पळून-पळून घामाघूम झालेली पोरं रांगेत ताटकळत उभी. आम्ही नुसते मनात चरफडायचो.

यंदा परदेशी क्लबांसारखी छातीवर बांधायची यंत्रं आणली. धावणं, हृदयाचे ठोके, सगळं मोजणारी. त्यातली माहिती बाहेरच्या देशातल्या एका तज्ज्ञाला पाठवली. त्यानं उलट विचारलं, "सामन्याआधी ठोके एकदम उतरतात, तुमचे खेळाडू झोपतात का? गार अंगानं पळाले तर स्नायू फाटतील."

मी ते सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. कुणी हसलं नाही. आप्पासाहेब पांढरेफटक पडले. त्यांचा मुलगा गंधार मागे याच मैदानावर, सामना सुरू होताच मांडी धरून पडला होता. तो परत कधी खेळला नाही. बापानं मात्र त्याला चारचौघांत नाजूक म्हणून हिणवलं होतं.

"अंबरीश, त्या दिवशी माझं भाषण लांबलं होतं का रे?"

"हाव, आप्पासाहेब. त्या दिवशी सत्कार तुमचाच होता."