पालथं घड्याळ

तार राहात्याच्या शाळेत पोचली तेव्हा मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवत होते. वैद्य सर गेले. तास मी पुरा केला, काय शिकवलं ते मात्र आठवत नाही... दीड महिना झाला, पण अजूनही दुपारी डोळा लागला की मी भिंगारच्या त्यांच्या खोलीत असते. खिडकीबाहेर लिंब, छावणीकडून येणारा बिगुल आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ.

कॉलेजात सर आम्हाला अमेरिकेची राज्यघटना शिकवायचे. अमेरिका सोडाच, मुंबईसुद्धा त्यांनी दोनदाच पाहिलेली. पण ऐकताना वाटायचं, घटना लिहिणारी ती माणसं नगरच्या किल्ल्यामागेच कुठेतरी बसली आहेत. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची संमती असेल तरच सत्ता खरी, हे त्यांचं लाडकं तत्त्व. दुसरं, आरोपीचा गप्प राहण्याचा हक्क. प्रश्न विचारला की सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवत आणि थांबत. "घाई झाली की माणूस दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देतो," म्हणत. आम्ही मुली तोंडाला पदर लावून हसायचो.

सध्या चालू असलेला हा दुष्काळ पडायच्या आधीची गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला होते. माझे वडील, आबा, जामखेडहून थेट सरांच्या घरी आले. माझं लग्न ठरवलं होतं आणि कॉलेजातून नाव काढायचं होतं. मी दाराशी मान खाली घालून उभी.

"मुलीला विचारलंत?" सर म्हणाले.

"तिला काय इचारायचं? गप्प हाय, म्हंजी पसंत हाय."

"पाटील, तिकडे आरोपी गप्प राहिला म्हणून त्याला गुन्हा कबूल आहे असं धरत नाहीत. ही तर तुमची लेक."

सरांनी घड्याळ पालथं ठेवलं. चहा निवला, बिगुल वाजून थांबला. किती वेळ गेला देव जाणे... मग माझाच आवाज मला लांबून ऐकू आला, "मला बी. ए. करायचंय."

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलंच न्हाई, आबा."

आबांनी गार चहा एका घोटात संपवला आणि एकटेच एसटीला गेले. कॉलेजात माझं नाव राहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना उपचारांसाठी पुण्याला न्यायच्या तयारीत होता. "काही म्हणाले नाहीत, म्हणजे चालेल त्यांना," तो म्हणाला. टेबलावरचं घड्याळ मी पालथं केलं आणि विचारलं, "सर, जायचंय?" आम्ही सगळे थांबलो... खूप वेळानं त्यांची मान हलली. नाही.

त्यांनी भिंगारलाच डोळे मिटले. नेलं असतं तर वाचले असते, असं मुलगा माझ्यामागे म्हणतो. त्याला खोटं कोणत्या तोंडानं ठरवू? मलाही ते सलतंच.

परवा सरांच्या पत्नीकडे, काकूंकडे गेले होते. सरांचं टेबल लख्ख पुसलेलं, घड्याळ मात्र तसंच पालथं.

"सरळ करू का, काकू?"

त्या काही बोलल्या नाहीत. मी थांबले.