मांडीखालचा हात

मास्तर उजवा हात मांडीखाली घालून बसले की आम्ही ओळखायचो, समोर काहीतरी मोह उभा आहे.

शहापूरला दस्तनोंदणी कचेरीबाहेरच्या पत्र्याखाली आमचा एक बाक. मी टायपिंग करायचो, ते दस्त लिहायचे आणि जमीन विकणाऱ्याची ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून सही करायचे. शाळेत कधी शिकवलं नाही, पण अक्षर वळणदार, म्हणून सगळे मास्तर म्हणत. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ते तळलेलं खात नसत. मी मुद्दाम गरम वडे आणून बाकावर ठेवायचो. मास्तरांचा हात लगेच मांडीखाली. "लांब ने रे," म्हणायचे. "माझा माझ्यावर भरवसा नाय."

रविवारी चर्चमध्येही देवाकडे ते एवढंच मागत, की परीक्षा नको. इतका भित्रा भक्त मी दुसरा पाहिला नाही.

सहीआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "खाचराचं नाव काय?" आपल्याकडे भाताच्या प्रत्येक तुकड्याला घरचं नाव असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. जांभळीचं, म्हातारीचं, भुताचं. सातबाऱ्यावर नुसता नंबर. ज्याने त्या चिखलात लावणी केली आहे, त्याला नाव विचार करून सांगावं लागत नाही.

एका दुपारी पांढऱ्या गाडीतून दोघे उतरले. सोबत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. शेणवे गावच्या एका एकट्या म्हातारीची जमीन विकायची होती आणि ती म्हातारी हीच, असं त्यांचं म्हणणं. आधारकार्डावरचा फोटो पुसट होता. मास्तरांनी प्रश्न विचारला. बाईने त्या दोघांकडे पाहिलं.

मग त्यातला मोठा हसून बाकावर टेकला. मास्तरांची मुलगी नर्सिंग शिकून दोन वर्षं घरी बसली होती, हे त्याला माहीत होतं. कल्याणच्या इस्पितळात तिला उद्यापासून कामाला लावतो म्हणाला. मास्तरांचा हात मांडीखाली गेला.

"मास्तर, तुमी आसनगाव स्टेशनला पायीच जाता ना रोज?" तो जाता जाता विचारावं तसं म्हणाला. "त्या आडवाटेनं?"

मास्तरांच्या कपाळावर घाम होता.

"तुमची भीती वाटते मला," ते म्हणाले. "पण या हाताची जास्त वाटते. मी सही करनार नाय."

ते दोघे बाईला घेऊन गेले. पुन्हा येऊ, असं सांगून गेले.

त्यानंतर महिनाभर मी मास्तरांना स्टेशनपर्यंत सोडत होतो. मागे मोटारसायकल वाजली की आम्ही दोघेही बांधावर चढायचो. एकदा मी म्हणालो, तुम्ही धाडसाचे, मास्तर. ते थांबले.

"धाडस कसलं रे. पेन हातात असतं तर केली असती सही. पोरीचा चेहरा दिसत होता. म्हणून तर हातावर बसलो."

मुलीला शेवटी मुरबाडच्या एका दवाखान्यात काम मिळालं. मास्तर तिच्याकडे राहायला गेले आणि तिथेच, पावसाळ्यानंतर, वारले. त्यांना माती देताना मी शवपेटीजवळ उभा होतो. छातीवर दोन्ही हात जोडलेले. उजवा असा मोकळा पाहून मला कसंतरीच झालं.

आता सहीला मीच बसतो. गेल्या आठवड्यात ती पांढरी गाडी पुन्हा आली. माणसं तीच, शेणव्याची जमीन तीच, बाई वेगळी. त्यांनी माझ्या मुलाच्या शाळेचं नाव घेतलं आणि तो किती वाजता सुटतो तेही सांगितलं. मी पेनाचं टोपण काढलं होतं, हे लपवत नाही.

बाकाच्या एका टोकाला, मास्तर बसायचे तिथे, लाकूड गुळगुळीत झालं आहे. मी तिकडे सरकलो, पेन खाली ठेवलं आणि हात मांडीखाली घातला.

"खाचराचं नाव काय, आजी?"

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. बाईने त्या दोघांकडे पाहिलं. मी हातावर सगळं वजन टाकून बसून राहिलो.