अक्षता पडेपर्यंत न बोलायचा शब्द

लातुरात माझं कापडाचं दुकान. पण रोजचं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर मला ओळखू येत नाही. गावानं त्याचं सरळ निदान केलं होतं: लई माजलाय. नांदेडच्या डॉक्टरनं वेगळं केलं: चेहराअंधत्व. नजर ठणठणीत, आठवण शाबूत, फक्त चेहरे डोक्यात टिकत नाहीत. मी माजलेला नव्हतो तर! एवढा खूश झालो की येताना एसटीत शेजारच्या आजोबांना तो शब्द सांगितला. त्यांनी मला मोतीबिंदूवाल्याचा पत्ता दिला.

बायकोनं मात्र बजावलं. पोरीची सोयरीक हिमायतनगरला जमली होती, माणसं मानपानाची. पोरीलाही तेच असेल म्हणून त्यांनी लग्न मोडलं तर? अक्षता पडेपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बरं म्हटलं. तसंही माणसं मी आवाजावरून, चालीवरून ओळखतो. पोरगी तर लहानपणापासून लांबूनच "बाबा, मी" म्हणत येते. आणि व्याह्यांचं काम सोपं होतं, गुळगुळीत टक्कल आणि त्यावर मधोमध जुन्या जखमेचा व्रण.

लग्नादिवशी व्याहीभेटीला हार घेऊन उभा राहिलो. समोरून वरपक्षाचे तीस-चाळीस गडी आले, सगळे गुलाबी फेट्यात. आता टक्कल कुठं शोधायचं? बँडपुढं कुणाचा आवाजही कळेना. बायको लांब, बायकांत. शेवटी सगळ्यांत ऐटीत चालणाऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि त्याला कडकडून मिठी मारली. तो त्यांचा जीपचा ड्रायव्हर. बिचारा "मी न्हाई, मी न्हाई" म्हणत होता आणि मी त्याला अजून आवळत होतो.

बँड थांबला. खरे व्याही दोन हातांच्या अंतरावर उभे होते. हा मुद्दाम केलेला अपमान आहे, वऱ्हाड माघारी फिरवा, असं त्यांच्यातलं कुणीतरी बोललं. माझं अवसानच गळालं. आणि तो शब्द निघाला तोंडातून, अक्षतांच्या आधीच. कुणालाच कळला नाही, मग सोपा करून सांगितला.

"पाव्हणं, मला चेहरे ओळखू येत न्हाईत. पोटच्या पोरीचाबी न्हाई. तुम्हाला मी टकलावरून ओळखतो, ते आज झाकलंय."

भर मंडपात नवरदेवाच्या बापानं फेटा उतरवणं म्हणजे आपला मान खाली ठेवणं. व्याह्यांनी तो दोन्ही हातांनी उतरवला आणि डोकं माझ्यापुढं वाकवलं.

"बघा, पटली ओळख?"

मी त्यांना मिठी मारली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

संध्याकाळी पाठवणी. मुंडावळ्या बांधलेली बाई मंडपात एकच, त्यामुळं या वेळी मला कसलीच अडचण नव्हती. पोरीचा रडून रडून आवाज बसला होता. तरी गळ्यात पडायच्या आधी ती लांबूनच म्हणाली, "बाबा, मी."