हेल्गा आजींचं चित्र आणि माझं फडकं

दोन आठवड्यांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईत, मी एका म्हातारीची आई पुसून टाकली. अक्षरशः पुसून. कसं ते सांगते... सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या शेजारी हेल्गा आजी राहायच्या. नव्वदीच्या आसपास, मूळच्या जर्मनीच्या, मागेपुढे कोणी नाही. मी पहिल्याच दिवशी आजी म्हटलं, आणि अर्थ कळल्यावर त्या एवढ्या खूश झाल्या की तेच नाव पडलं.

त्यांच्या फायरप्लेसवर एक जुनं ऑइल पेंटिंग होतं. त्यांच्या गावाचं, त्यांच्या वडिलांनी काढलेलं. वडील शाळामास्तर, सुट्टीत चित्रं काढायचे, नावबिव काही झालं नाही. धुरानं ते इतकं काळवंडलं होतं की मला एक नदी, दोन झाडं आणि वळणाची पायवाट एवढंच दिसायचं.

गेल्या वर्षी आजी सीनियर होममध्ये गेल्या. खोली दोघींत, भिंतीला जागा नाही, म्हणून चित्र माझ्याकडे ठेवलं. आता त्यांना स्वतंत्र खोली मिळाली आणि फोन आला, शनिवारी चित्र घेऊन येशील का?

आता आपली खोड तुम्हाला माहितीये. शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत पाठवत नाही, आणि खरकटा तर नाहीच नाही. मग वर्षभर सांभाळलेलं चित्र तसंच काळंकुट्ट परत द्यायचं? त्यात घरभर बादल्या आणि फडकी निघालेलीच होती.

लेक म्हणाली, गूगल तरी कर आधी. मी म्हटलं, तू तुझी खोली आवर.

कोमट पाणी, काच पुसायचा स्प्रे, आणि आईच्या जुन्या सुती साडीचं मऊ फडकं. काय सांगू, आभाळ निळं निघालं हो! मग मला चेवच आला. पायवाटेच्या वळणावर एक चिकट डाग होता, तोही घासून काढला. फडक्याला थोडा लाल रंग लागला... मला वाटलं, फ्रेमच्या खिळ्यांचा गंज असेल. फडकी सगळी मशीनमध्ये टाकली आणि चिवड्याचा डबा घेऊन निघाले. अगदी मिरवत.

आजींनी चित्र मांडीवर घेतलं. आभाळावरून हात फिरवला, हसल्या. मग चष्मा वरखाली करत वळणापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"माझी आई कुठे आहे?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं... त्या चार वर्षांच्या असताना आई गेली. वडिलांनी नंतर, पुऱ्या झालेल्या चित्रावर, तिला त्या वळणावर उभं केलं. बोटाच्या पेराएवढी. युद्धात घर जळलं, फोटो जळले, गुंडाळून आणलेलं हे एवढं चित्र वाचलं. आईची दुसरी खूण म्हणून काहीच नाही. धुराखाली ती मला कधी दिसली नव्हती. आजींना मात्र ती तिथे आहे हे रोज ठाऊक होतं.

खरं सांगते, ओठांवर आलं होतं, "आहे की आजी, तुमचीच नजर कमी झालीय." त्यांनी विश्वासही ठेवला असता. पण नाही जमलं. सगळं सांगितलं, स्प्रेसकट.

आजींनी पुन्हा एकदा त्या वळणावरून बोट फिरवलं. मग विचारलं, ते फडकं आहे का अजून?

मी म्हटलं, धुतलं.

"हो, तू धुतलंच असणार," त्या म्हणाल्या. रागानं नाही. आणि मला वाईट वाटू नये म्हणून चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

घरी येऊन वाचलं. वार्निशच्या वर नंतर लावलेला रंग सगळ्यात आधी निघतो म्हणे. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, पण तिथे नवीन बाई काढून देतो. नवीन बाई घेऊन काय करू मी?

काल पुन्हा गेले. पाय उचलत नव्हता, पण गेले. चित्र आजींच्या खुर्चीसमोर लावलेलं होतं. त्यांनी मला जवळ बसवलं, माझं बोट धरलं आणि वळणावर ठेवलं.

"डोक्याला लाल रुमाल. डाव्या हातात टोपली. तोंड घराकडे. माझ्यानंतर हे तुला माहीत असायला हवं."

माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, पाढे घेतात तसं. तिसऱ्यांदा मला रडू आवरेना, तर म्हणाल्या, टोपली राहिली.

त्यांनी मला अजून दार उघडलं, याचे उपकार मी कुठे फेडू... म्हणून निदान इथे लिहून ठेवतेय. आता तुम्हीही लक्षात ठेवा. लाल रुमाल, डाव्या हातात टोपली, तोंड घराकडे.