विसरून प्यायलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. नमाजनंतर हात पसरले तरी याबद्दल तोंडातून शब्द निघत नाही — अल्लाहला ठाऊकच आहे म्हणून टाळते. तुम्हाला सांगते.

दौंडला बायका जमतात, तिथं मी मुलांच्या तरबियतीवर, त्यांना वाढवण्यावर बोलते. लेकरांत फरक करू नका, एकाला पापा दिला तर दुसऱ्यालाही द्या — छान बोलते मी. बायका डोळे पुसतात. मला लाज वाटते का? खरं सांगू — सवय झाली आहे.

लग्न होऊन वरवंडला आले तेव्हा घरात रुबिना होती, नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची मुलगी, नुकती चालायला लागलेली. पुढे माझी मुस्कान झाली. रुबिना मलाच अम्मी म्हणायची, सांगितलेलं सगळं ऐकायची. मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. काय वाकडं केलं होतं तिनं? काहीच नाही.

दोघींचा पहिला रोजा एकाच दिवशी ठरवला. नवे कपडे शिवले, संध्याकाळी रोजा सोडायला पाहुणे बोलावले, शेजारच्या मळ्यातून झेंडूचे दोन हार आले. दुपारी मुस्काननं डब्यातली बिस्किटं खाल्ली. मी पाहिलं — आणि तिचं तोंड पुसून दिलं. रुबिना मात्र सुकलेल्या ओठांनी गप बसून होती. ते मला बघवत नव्हतं, दयेनं नव्हे. ऊन उतरताना ती रडत माझ्याकडं आली.

“अम्मी, म्या इसरून पानी प्याले गं. ध्यानातच न्हाई राहिलं.”

विसरून प्यायलं तर रोजा मोडत नाही. ते अल्लाहनं पाजलं असं धरतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं — तुम्ही म्हणाल, घाईत सुचलं नसेल. सुचलं होतं. लगेच सुचलं होतं.

“मोडला तुझा,” मी म्हणाले.

मग दोन्ही हार मुस्कानच्या गळ्यात घातले. रुबिनाच्या हातात खजुराचं ताट दिलं आणि ती जिच्यापुढं जाईल तिला सांगत राहिले — हिला दम निघाला नाही बघा, पाणी ढोसलं. पोरगी मान खाली घालून खजूर वाटत होती. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

रुबिना आता शिरूरला सासरी असते. गेल्या रमजानमध्ये तिच्या मुलीनं रोजात विसरून केळं खाल्लं. रुबिनानं तिला सांगितलं, मोडला. लेकरू रडून रडून झोपलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं खरं काय ते समजावलं आणि रुबिनाचा मला फोन आला. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. ती हसली.

“अम्मी, तवा तुला तरी कुठं ठाव व्हतं? तुला कोन शिकवनार व्हतं?”

“व्हय गं,” मी म्हणाले, “मला कोन शिकवनार व्हतं.”