खापरोळीचं पीठ घेऊन आंजर्ल्याला

माझी धाकटी बहीण सुमी आंजर्ल्यात एकटी राहते. मध्यंतरी तिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना भूकही घेऊन गेला. एक दिवस तिचा फोन आला. "तायडे, विलास रविवारी गाडी घेऊन येतोय. जेवत नाहीस तर मुंबईला चल, म्हणतो. एकदा नेलं की मला परत कोण आणतंय?"

विलास तिचा मुलगा. प्रेमळ आहे, पण ऐकून घेत नाही.

मी विचारलं, "खापरोळ्या खाशील?"

ती म्हणाली, "तुझ्या हातच्या असल्या तर बघू."

झालं, निघायचं ठरलं. डॉक्टरांनीही हलकं, आंबवलेलं चालेल असं सांगितलं होतं. ज्यांना खापरोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तांदूळ, उडीद नि थोडी मेथी भिजवून, वाटून आंबवायचं. तव्यावर जाड, जाळीदार पोळी टाकायची नि गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून खायची. चमचा लागत नाही, लाज तर नाहीच नाही.

आमचं गाव लोट्याजवळ. माझी नात मृणाल तिथल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. हे टाईपही तीच करतेय, म्हणून तिची चेष्टा बेतानेच करते. शनिवारी पहाटे मी पीठ बरणीत भरून झाकण घट्ट फिरवलं.

"आजी, ढिलं ठेव. पिठातले बारीक जीव साखर खातात नि वायू सोडतात. त्यानेच पीठ फुगतं."

"आणि घाटात सांडलं तर पुसायला तेच येणार का?"

मृणालला सोबत घेऊन खेडला आले नि दापोलीची एसटी पकडली. पाटीवर काय लिहिलंय ते मला कळत नाही, मी सरळ ड्रायव्हरला विचारते. तुम्हीही विचारा, पाटी कधीकधी कालची असते. पंचाहत्तरी झाली असेल तर तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं हाताशी ठेवा. पुढे बसू नका, इंजिनाची ऊब लागते. मी नेमकी तिथेच बसले, बरणी मांडीवर घेऊन.

वाटेत मृणाल सांगत होती, "तापात घेतलेल्या अँटिबायोटिकने सुमीआजीच्या पोटातले चांगले जीवही कमी झाले असतील. आतही असंच आंबवणं चालू असतं."

"म्हणजे तिच्या पोटातलं पीठ फुगत नाहीये."

"साधारण तसंच."

एवढ्यात बरणीकडे लक्ष गेलं. झाकण पुरीसारखं टम्म! म्हटलं, जरा सैल करूया. अर्धा फेरा दिला नि फट्ट! झाकण छताला, पीठ माझ्या तोंडाला, कंडक्टरच्या शर्टाला आणि मधल्या वाटेवर.

"आजी, बॉम्ब घेऊन चढलात की काय?" कंडक्टर ओरडला.

मागे हर्णैची एक कोळीण रिकामी टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, "रोज माझ्या टोपलीच्या वासाला नावं ठेवतोस ना? आता स्वतःला हुंग!" सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण जरा उशिरा.

मला मात्र रडू येत होतं. बरणीच्या तळाशी दोन बोटं पीठ उरलं होतं नि विलास उद्या दुपारी येणार होता.

दापोलीला गाडी बदलताना मृणाल म्हणाली, "तयार पीठ मिळतं इथे, घेऊया?"

"सुमी वासावरून ओळखेल. उरलंय तेवढं विरजणाला पुरे."

आंजर्ल्यात पोचताच तांदूळ-उडीद भिजत घातले. संध्याकाळी शेजारणीच्या मिक्सरवर वाटून त्यात ते दोन बोटं पीठ कालवलं नि पातेलं चुलीच्या उबेला ठेवलं. वर नुसतं ताट, अलगद. सुमी खाटेवरून बघत होती. पेज दिली, दोन घोट घेऊन वाटी सारली.

सकाळी उठले तर खाट रिकामी. सुमी चुलीपाशी, पातेल्यात बोट.

"फुगलंय," ती म्हणाली, नि बोट चाटलं. "मीठ कुठाय तायडे? घालायला विसरलीस, की मी जाणार म्हणून वाचवलंस?"

मी मीठ दिलं. पहिली खापरोळी तिने उभ्यानेच अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी बसून.

विलास आला तेव्हा ती दुसरीवर होती, नि त्याने चपला दारात आडव्या काढल्या म्हणून त्याला ओरडत होती. तो उभाच राहिला. मग ताट ओढून चार खाल्ल्या.

"मावशी, पण पुन्हा असं झालं तर?"

"तर ये. रोज फोन कर, महिन्याने येऊन बघून जा. झाकण ठेव बाबा, पण घट्ट फिरवू नकोस. मी कालच शिकलेय."

संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो, गाडीरस्त्याने. गुडघे धड असतील त्यांनी पायऱ्या चढाव्यात, वरून समुद्र छान दिसतो. विलास एकटाच मुंबईला परतला.

घरी येऊन आठवडा झाला. बरणीच्या पिशवीचा आंबूस वास अजून जात नाही. मृणाल धू म्हणते, मी उद्यावर ढकलते. काल सुमीचा फोन आला. तिने स्वतः पीठ वाटून खापरोळ्या केल्या होत्या.

"तुझ्यापेक्षा चांगल्या झाल्या. तुझ्यात मेथी फार होती, तेव्हा बोलले नाही."

एवढं भांडण्याइतकी ती बरी झालीय.