शकुनबाईची राहून गेलेली आज्ञा

अमरावतीच्या त्या चर्चमध्ये देवाची आज्ञा पाळण्यात शकुनबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत आया म्हणून उभा जन्म काढला, पण खोटं म्हणून बोलली नाही. हेडबाई म्हणाल्या, "साहेब आले तर मी नाही म्हणून सांग," तर ही म्हणायची, "बाई, तुमी मागच्या दारानं खरंच जा, मंग सांगतो." आजाऱ्याला डबा, एकट्या म्हातारीचं पाणी, सगळं चोख. पण प्रभुभोजनाच्या रविवारी ताटली समोर आली, की बाई भाकरीचा तुकडा न उचलता ती पुढं सरकवायची.

मनात राग धरून प्रभूच्या मेजाशी यायचं नाही, आधी जाऊन समेट करायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि राग होता तो सख्ख्या बहिणीवर, अकोल्याच्या रागिणीवर. म्हातारी आई शेवटी रागिणीकडेच होती. शकुनबाईच्या लेकीचं, हर्षाचं लग्न, त्याच दिवशी पहाटे आई गेली, संध्याकाळी मातीही झाली, आणि शकुनबाईला कळलं तिसऱ्या दिवशी! नवरा, उत्तमराव, म्हणाले, "रागिणीचा आत्ताच फोन आला." सख्ख्या मायच्या कबरीत मूठभर माती टाकायची राहिली. बाईनं फोनवर बहिणीला नाही नाही ते ऐकवलं. "तू मले मेली," म्हणाली. रागिणी गप्प ऐकत राहिली, आणि तिचं गप्प राहणं हिला कबुलीच वाटलं.

पुढं उत्तमरावही गेले. रागिणी मातीला आली, मागंच उभी राहिली, तशीच परत गेली. हिनं पाहिलं आणि मान फिरवली. हेका तरी किती असावा माणसात!

या वर्षी डॉक्टरांनी छातीचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा कुठं बाई घाबरली. देवासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? एवढी एक आज्ञा राहिली. मग अकोल्याची एसटी धरली आणि मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत मनात एकच वाक्य घोळवलं.

रागिणीनं दार उघडलं, पाणी दिलं. शकुनबाईनं पाण्याला हातही लावला नाही. "रागिणी, मी तुले माफ केलं," ती म्हणाली.

रागिणी तिच्यासमोर येऊन बसली. "कायची माफी व, शकू? माय गेली तवाच मी फोन केला होता. भाऊजीनं उचलला. म्हणे, पाहुणे दारात आहेत, लगन उरकू दे, मी सांगतो तिले. तू चिडली तवा समजलं मले, त्यायनं सांगतलंच नाही."

"मंग तू काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं तुह्या घरात काय राहिलं असतं? माय तं गेलीच होती. अन् भाऊजी गेल्यावर मेल्या माणसाचं काय सांगू? आजही सांगणार नव्हती. पण तू मलेच माफ कराले आली, तं राहावलं नाही व."

शकुनबाई उठली ती सरळ बहिणीच्या पायाशी बसली. "मीच चुकली व माय, मीच चुकली," म्हणत लहान पोरीसारखी रडली. रागिणीनं तिला छातीशी धरलं. किती वर्षांचं रडणं होतं ते, दोघींचं.

मग रागिणी म्हणाली, "चाल, प्रार्थना करू." दोघी हात धरून प्रभूची प्रार्थना म्हणू लागल्या. आम्ही दुसऱ्यांना माफ केलं तसं तू आम्हाला माफ कर, या ओळीपाशी शकुनबाई अडली. आपली तडफड पाहत तो माणूस शेजारी जेवला, झोपला, अन् मरेपर्यंत तोंड उघडलं नाही! अंगाची नुसती आग झाली तिच्या.

रागिणी पुढं गेली नाही. "म्हण ना, शकू."

"नाही येत व तोंडात," शकुनबाई म्हणाली. "तुह्याकडे एसटीनं तरी येता आलं. त्यायच्याकडे कुठून जाऊ?"